सांगणाऱ्यांची रांग

टॉर्चचा उजेड आधी तिच्या पायांवर पडला, मग ओढणीवर, मग थेट तोंडावर.

"मॅडम, जरा हळू बोलता का? लोकांना त्रास होतोय."

शिवलीलाने डोळ्यांवर हात धरला. उजेडामागचा माणूस दिसत नव्हता. फक्त आवाज होता – मऊ, शिकलेला, पुण्यात राहून आलेला.

"हळूच बोलून राहिले मी," ती म्हणाली.

"तरीपण…"

"शूऽऽ!" मागच्या रांगेतून कुणीतरी दोघांनाही गप्प केलं. टॉर्च विझली.

पडद्यावर इराणमधल्या कुठल्याशा गावातला एक आंधळा मुलगा लोकरीच्या कोठीत बसला होता. त्याच्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. आजोबांनी "थोडाच वेळ हं, आवाज करू नकोस" असं सांगून बाहेरून कडी लावली होती. भाषा फारसी, खाली इंग्रजी अक्षरं. ती अक्षरं वाचून शिवलीला शेजारच्या खुर्चीतल्या थोरल्या बहिणीच्या कानात सगळं सांगत होती. नीलम्माला – तिच्या नीलाक्काला – जन्मापासून दिसत नव्हतं, आणि सिनेमाचं वेड मात्र असं, की एखादा चुकला तर दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही.

पुन्हा एकदा "शूऽऽ" आलं. मग आणखी एक. शिवलीला गप्प झाली. अंधारात नीलाक्काची बोटं तिच्या मनगटावर दाबली गेली – पुढं? पुढं काय? – आणि तिला काही सांगता येईना. रागाने तिचेच डोळे भरून आले. शेवटची पाच-सात मिनिटं तिने पडद्याकडे पाहिलंच नाही.

दिवे लागले. सगळ्या हॉलमध्ये रुमाल निघाले होते. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेने येत होतं. टाकीपाशी घागरींवरून डोकी फुटतात म्हणून पोलीस उभे असायचे. आणि इथे माणसं डोळ्यांतून इतकं पाणी काढत होती! ही गोष्ट सांगणाऱ्या मला माणसांच्या रडण्याचं फारसं कळत नाही, पण काही रडणं स्वस्त असतं, एवढं कळतं.

सिनेमा संपल्यावर प्रेक्षकांनी दोन शब्द बोलायचे, अशी त्या चित्रपट मंडळाची पद्धत होती. टॉर्चवालाच माईक घेऊन फिरत होता. उंच, सडपातळ, चष्म्याची काडी सारखी सावरणारा. नाव रेवणसिद्ध. वडिलांची डाळमिल होती. पुण्यात शिकून आल्यापासून मिलमध्ये बसायचा आणि पंधरा दिवसांनी एक सिनेमा दाखवायचा.

एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "देवाने आपल्याला डोळे दिले, हे केवढे उपकार, ते आज कळलं."

एक बाई म्हणाल्या, "त्या बाळाला कुशीत घ्यावंसं वाटलं हो…"

एका तरुणाने सांगितलं, की आता आंधळा म्हणायचं नसतं, दिव्यांग म्हणायचं असतं. त्याला टाळ्या पडल्या.

शिवलीला उठली. माईकची वाट तिने पाहिली नाही. कोचिंग क्लासमध्ये दोनशे पोरांना जीवशास्त्र शिकवणारा आवाज होता तो.

"तुम्ही रडलात, कारण तो पोरगा पडद्यावर होता. तो तुमच्या शेजारच्या खुर्चीत असता, तर त्यालाही शूऽऽ केलं असतं. केलंतच की! माझी बहीण सिनेमा बघायला आली होती. मी तिला सांगत होते, बाकी काही नाही. तेवढंसुद्धा तुम्हाला चाललं नाही, आणि आता नाक पुसून राहिलात?"

सगळ्या माना नीलाक्काकडे वळल्या – त्याच ओल्या नजरेने. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. शिवलीलाला वाटलं, खुर्ची उचलून फेकावी.

"बस की लीले," नीलाक्का उठत म्हणाली. "मला एकच इचारायचंय. पोरानं दार वाजवलं ते मी ऐकलं. मंग कडी निघाल्याचा आवाज आला. दार कोनी उघडलं?"

"बहिणीने," मुख्याध्यापक म्हणाले.

"छे, आजोबांनी. पश्चात्ताप होतो त्यांना," कुशीवाल्या बाई म्हणाल्या.

"माझ्या मते वाऱ्याने. ते प्रतीक आहे," दिव्यांगवाला म्हणाला.

"म्हंजे बगितलं कुनीच न्हाई," नीलाक्का हसली. "सगळ्यांच्या डोळ्यावर रुमाल हुता."

पहिल्यांदा हॉल खरोखरचा हसला. शिवलीला तेवढी हसली नाही.

जिन्यात टॉर्चवाला मागून धावत आला.

"ऐका ना… माफ करा. मला खरंच कळलं नाही, की त्यांना…"

"टॉर्च तुमचीच का?"

"हो. माझीच."

"त्यातले सेल काढून ठेवा."

"लीले, असं नगं बोलू. पोरगा बरा वाटून राहिला," नीलाक्का म्हणाली. "आवाज बग की, कसा कापून राहिला त्याचा. ए बाबा, तू तरी बगितलंस का शेवट? सांग मला."

रेवणसिद्धने चष्मा सावरला. "शेवटी ना… दार उघडतं. मुलगा उभा राहतो. उजेड आत येतो."

"उघडतं?" नीलाक्काने कपाळाला आठ्या घातल्या. "आमच्या गल्लीतलं दुकान रोज उघडतं. तसं रोज उघडतं का?"

"नाही… म्हणजे, तेव्हा…"

"मंग 'उघडून राहिलं' म्हन की! म्हंजे माझ्यासमोर उघडंल. 'उघडतं' म्हनलास की ते तुझ्यापाशीच राहतं बग."

तो खाली बघत हसला. "घरी मीही असंच बोलायचो, अक्का. पुण्यात होस्टेलची पोरं हसायची… 'जेवून राहिलो' म्हटलं की ताट वाजवायची. मग सुटलं."

"सुटलं न्हाई, तुम्ही सोडलं," शिवलीला म्हणाली आणि बहिणीचा हात कोपरावर घेऊन जिना उतरली. खालच्या पायरीवर तिने एकदाच मागे पाहिलं. तो अजून तिथेच उभा होता, टॉर्च उघडून सेल काढत. खरोखरच काढत होता! तिला राग आला. हसू येण्याआधी तिला नेहमी राग यायचा.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. शेवटच्या दोन रांगांवर त्याने पुठ्ठ्याची पाटी लावली होती – सांगणाऱ्यांची रांग. इथे बोलायला बंदी नाही. ज्यांना त्रास होतो, त्यांनी पुढे बसावं.

"उपकार करून राहिलात?" शिवलीलाने विचारलं.

"नाही. शिकून राहिलोय."

ती गेली. आणि गंमत अशी झाली, की त्या रांगेत जागा पुरेना. इंग्रजी अक्षरं भराभर वाचता येत नाहीत, पण तसं सांगायची लाज वाटते, अशी निम्मी माणसं त्या हॉलमध्ये होती. इतके दिवस ती सगळी न कळताच रडत होती. आता एक सांगायचा आणि चौघं कान लावायची.

नीलाक्का मधे, एका बाजूला शिवलीला, दुसऱ्या बाजूला तो. दोघं आळीपाळीने सांगायची.

"बाई विहिरीपाशी बसते… बसून राहिली, आणि तिच्या हातात…"

"बसून राहिली न्हाई हो, उठून राहिली! बघा तरी नीट."

"बघूनच राहिलोय."

"पडद्याकडे बघा म्हणते मी."

नीलाक्का खुर्चीत गदगद हसायची. "हा सिनेमा बरा हाय. पडद्यावरच्यापरीस."

मध्यंतरात तो पाण्याची बाटली पुढे करायचा. त्या दिवसांत लातुरात पाणी विचारणं ही लहान गोष्ट नव्हती. एकदा शिवलीला बाटली ओठांपासून उंच धरून पाणी वरून प्यायली. एक थेंब चुकला, हनुवटीवरून गळ्याशी उतरला… तो बघत राहिला. तिने त्याला बघताना पाहिलं. बाटलीचं झाकण कुणालाच सापडेना.

"का गप झाले दोगं?" मधून आवाज आला. "काय होऊन राहिलं?"

"काही नाही अक्का."

"काही न्हाई कसं? सांगायचं ठरलंय न?"

शिवलीला लाल झाली, आणि त्यावर उपाय म्हणून त्याच्यावर खेकसली. "झाकण शोधा आधी! पाणी काय फुकट येऊन राहिलं?"

असं त्यांचं जमलं. जमलं म्हणजे भांडण जमलं. बहिणी मूळच्या उदगीरच्या. नीलाक्का लातुरात एका बँकेत फोन घ्यायची, म्हणून दोघी इथे खोली करून राहिलेल्या. तेव्हा उदगीर वेगळा जिल्हा करा म्हणून तिकडे दर महिन्याला बंद आणि रास्ता रोको व्हायचा.

"उदगीरची माणसं भांडखोर," तो चहाच्या गाड्यावर म्हणायचा.

"म्हणून तर वेगळा जिल्हा मागून राहिलो."

"लातूरला सोडून जाणार?"

"लातूरला काय ठेवलंय? पाणी?"

"मी आहे ना…"

ती कपातल्या चहाकडे बघत राहायची. मग म्हणायची, "तुम्ही टँकरसारखे. येतो येतो म्हणता."

"काही झालं तरी तुमचा जिल्हा होऊ देणार नाही मी. सरहद्द पडेल मधे."

अशाच एका संध्याकाळी, नीलाक्का बँकेतून यायची होती तेव्हा, शिवलीलाने त्याला ते सांगितलं. कडुलिंबाची धुळकट पानं गाड्यावर पडत होती. ती एकेक उचलून बाजूला ठेवत बोलत होती.

"मला बघायला पाहुणे येणार असले की अक्का देगलूरला जाते. मामाकडे. तिला कुणी जा म्हणत नाही. अव्वा तिची पिशवी भरून दाराशी ठेवते, बस. घरात एक आंधळी आहे म्हटलं की लोक विचारतात, रक्तात आहे का? पुढच्या पोरांना होईल का? मी जीवशास्त्र शिकवते, मी सांगितलं असतं त्यांना. पण मला कुणी विचारतच नाही. पाहुणे गेले की अक्का परत येते, आणि विचारते, चिवडा उरलाय का?" तिने आणखी एक पान बाजूला ठेवलं. "त्या दिवशी सिनेमात ती लोकरीची खोली बघितली न… आमची लोकरीची खोली देगलूरला आहे. पाहुण्यांना मी कितीदा नाही म्हटलं. पण अक्काला जाऊ नको, असं एकदाही म्हटलं नाही मी."

रेवणसिद्धने गाड्यावरचं एक पान उचललं आणि तिने ठेवलेल्या पानांशेजारी ठेवलं.

मग त्याच्या घरून मागणं आलं. दोन्ही घरं लिंगायत, दोन्ही ओळखीची. उदगीरला आई-वडिलांना, अव्वा-अप्पांना, आनंद मावेना. आठवडाभराने मधले गृहस्थ मलप्पा आले आणि अप्पांना ओट्यावर घेऊन गेले. शांतम्माबाईंचं, म्हणजे रेवणच्या आईचं, एवढंच म्हणणं होतं, की बघायच्या दिवशी भाऊबंद येतील, त्या दिवशी थोरलीला समोर नका आणू. एकदा ठरलं की मग काय, घरचीच आहे.

शिवलीलाने त्याला फोन लावला. आईच्या या अटीला तो हो म्हणाला नव्हता. पण नाहीही म्हणाला नव्हता.

"आई जुन्या वळणाची आहे, लीला. काकांसमोर तिला खाली बघायला नको. एकदा ठरू दे, मग मी आहेच. थोडाच वेळ…"

"काय म्हणालात?"

"अगं, थोडाच वेळ…"

"आजोबापण हेच म्हणाला होता," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "बाहेरून कडी लावताना. तेव्हा तुमच्या हातात टॉर्च होती आणि डोळ्यांत पाणी. मी बघितलं नव्हतं, पण मला ठाऊक आहे, तुम्हीही रडला होता."

तिने फोन ठेवला. त्यानंतर त्याने किती वेळा केला, हे तिने बघितलंही नाही. घरी तिने यातलं काही सांगितलं नाही.

पाहुणे यायच्या सकाळी ती उदगीरच्या घरी उठली, ती ठरवूनच. नेसायचं, चहा घेऊन जायचं, आणि सगळ्यांच्या तोंडावर सांगायचं – हे लग्न होणार नाही, आणि का होणार नाही. अक्काला शेजारी उभी करून सांगायचं. ती न्हाणीतून बाहेर आली तर अक्काची खाट रिकामी. दाराजवळची पिशवी गेलेली.

"सकाळच्या एसटीनं गेली," अव्वा पदराचं टोक चावत म्हणाली. "मी न्हाई गं पाठवलं. पिशवीबी तिनंच भरली. म्हनली, पोरगा चांगला हाय, लीलीला म्हनावं तोंड उघडू नगंस."

शिवलीला खाटेपाशी गेली. सगळ्या जगावरचा राग एका क्षणात त्या रिकाम्या खाटेवर आला. "आता तूच आतून कडी लावून घेतलीस होय गं अक्का," ती खाटेलाच म्हणाली.

अकराच्या सुमारास पाहुणे आले. 'शरणार्थी' म्हणत एकमेकांना नमस्कार झाले. पाय धुवायला अप्पांनी पहाटेपासून हंडाभर पाणी राखलं होतं, ते तांब्यातांब्याने दिलं. शांतम्माबाई, दोन काका, एक काकू. मुलगाच नव्हता.

"येऊन राहिला मागनं, गाडीवर," शांतम्माबाई म्हणाल्या. "सकाळी अंधारातच निगाला, कुठं त्ये न्हाई सांगितलं."

बारा वाजले. साडेबारा. नाक्यावर जिल्ह्यासाठी रास्ता रोको चालू असल्याची बातमी आली. काका घड्याळ बघू लागले. आतल्या खोलीत शिवलीला जरीच्या साडीत घामेजून बसली होती आणि मनात वाक्यं जुळवत होती. प्रत्येक वाक्य आधीच्याहून कडू होत होतं.

मोटारसायकलचा आवाज आला. मग ओळखीचं, गदगदून आलेलं हसू.

ती धावत दाराशी गेली. पुढे रेवणसिद्ध, भुवयांपर्यंत धुळीने माखलेला. त्याच्या कोपरावर हात ठेवून नीलाक्का. हातात पिशवी.

"लीले!" नीलाक्का उंबऱ्यातूनच ओरडली. "मी मामाच्या दारात पिशवी ठिवून राहिले, तर ह्यो माझ्याआदी येऊन बसलेला! म्हनला, चला, तुमच्याबिगर मला काई दिसनार न्हाई. आन नाक्यावर काय झालं ठाव हाय का? पोरांनी गाडी आडवली, लातूरचा नंबर बगून. म्हनली, घोषणा दे, मंग जा. तर तुझा ह्यो लातूरवाला हँडल सोडून वरडला – उदगीर जिल्हा!"

"झालाच पाहिजे," रेवणसिद्ध खाली बघत पुटपुटला.

"ते मी म्हनले मागनं!"

कुणी हसलं नाही. बैठकीत सगळे ताठ झाले होते. रेवणने नीलाक्काला आईसमोरच्या सतरंजीवर बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी बसला. पाहुण्यांच्या बाजूला नव्हे. अव्वाने घाईघाईने चहाचा ट्रे शिवलीलाच्या हातात दिला. ती दारात आली आणि थांबली. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

तेव्हा त्याने नीलाक्काच्या कानाशी तोंड नेलं. पण आवाज काही हळू केला नाही.

"अक्का, तुमची बहीण दारात उभी आहे. हिरवी साडी. हातात ट्रे. कप वाजून राहिलेत, कारण हात कापून राहिलाय. माझ्याकडे रागानं बघून राहिलीय."

"लई रागानं?"

"लई. मोठे काका घड्याळ बघून राहिलेत. धाकटे काका चिवडा खाऊन राहिलेत. माझी आई…" तो अडखळला. चष्मा सावरला. "माझी आई तोंड फिरवून बसून राहिलीय."

"रेवण! जरा हळू बोल," मोठे काका म्हणाले.

"बोलू द्या त्यांना!" शिवलीला कडाडली. ट्रेमधला चहा हिंदकळला. "इथं कुणी हळू बोलायचं नाही. माझी बहीण बघून राहिली."

खोलीत फक्त पंख्याचा आवाज उरला. आणि मग शांतम्माबाई, कान लालबुंद झालेल्या, पदर सावरत एकदम वळल्या.

"मी कवा तोंड फिरवलं? खोटं नगं सांगू तिला! पंख्याचं वारं लागून राहिलं म्हनून जरा वळले." आणि थेट नीलाक्काला म्हणाल्या, "न्हाई गं बाई. मी इकडंच बगून राहिले."

"हाव का?" नीलाक्का म्हणाली. "मंग बरं. आन तू रे? तू काय करून राहिलास?"

"मी…" रेवणसिद्धचा मऊ आवाज आता अगदीच कापत होता. "मी तिच्याकडं बघून राहिलो, अक्का. त्या जिन्यापासून बघून राहिलो. मधे एकदा भिलो. 'थोडाच वेळ' म्हणालो. ते चुकलं. पण प्रेम तर… तेव्हापण करूनच राहिलो होतो."

धाकट्या काकांचा चिवडा हातातच राहिला. अव्वाने पदराने तोंड झाकलं. गल्लीतली माणसं दाराशी गोळा झाली होती. अप्पा ओशाळून दार लोटायला उठले.

"राहू द्या अप्पा," शिवलीला म्हणाली. "उघडंच राहू द्या."

ती पुढे आली आणि पहिला कप नीलाक्काच्या हातात दिला. दुसरा शांतम्माबाईंना. तिसरा त्याच्यासमोर ठेवला, जरा आपटूनच. थोडा बशीत सांडला.

"काय करून राहिली गं ती?" नीलाक्काने कुजबुजत विचारलं.

रेवणसिद्धने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हसू दाबून राहिली."

"चुकीचं सांगून राहिले हे, अक्का," शिवलीला म्हणाली. "मी अजून रागातच आहे."

नीलाक्काने चहाचा घोट घेतला.

"मला दोनीबी ऐकू आलं," ती म्हणाली.